पोस्टडॉक: नोकरी म्हणायची की शिक्षण? आणि गोव्यात राहून हे काम होतं का?

अबोली_फोंडा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी फोंड्याची. पुण्यात पीएचडी केली, दीड वर्षापूर्वी परत आले आणि इथल्याच एका संस्थेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन, करतेय, नाव नको. विषय क्वांटम मटेरिअल्सचं कॉम्प्युटरवर मॉडेलिंग. म्हणजे भट्टी नाही, लेसर नाही, पांढरा कोट नाही. पदार्थात अणू कुठे बसलेत ते कॉम्प्युटरला सांगायचं आणि त्यातले इलेक्ट्रॉन काय करतील ते गणिताने काढायचं.

मागच्या आठवड्यात बाबांबरोबर बँकेत गेले होते. पावसाआधी घराचं छप्पर करायचंय, त्यासाठी थोडं कर्ज माझ्या नावावर काढू म्हटलं. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना. नोकरी लिहिलं तर पगाराची स्लिप मागितली, माझ्याकडे फेलोशिपचं पत्र, त्यातही मधले चार महिने पैसेच आले नव्हते ते पासबुकावर दिसत होतं. मग विद्यार्थी लिहा म्हणाले, तर विद्यार्थ्याला हे कर्ज बसत नाही. माझं वय ३२. शेवटी बाबांनी स्वतःच्या पेन्शनवर अर्ज केला. येताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

मार्चमध्ये माझी मुदत संपतेय. जर्मनीत ड्रेस्डेनला दोन वर्षांचं पोस्टडॉक मिळतंय. दुसरा रस्ता म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला अर्ज करून इथेच राहायचं. तिसरा, हे सगळं सोडायचं. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. काम मला मनापासून आवडतं, ते आधीच सांगून ठेवते.

डिचोलीकर
स्वागत! माझं डिचोलीत हार्डवेअरचं दुकान, बारावी सायन्सनंतर धंद्यात पडलो, तेव्हा माझा प्रश्न आधी. क्वांटम मटेरिअल म्हणजे नेमकं काय? सगळंच अणूंचं असतं ना, मग माझ्या दुकानातली सळीसुद्धा क्वांटमच झाली की.

रापणकार
मला वाटलेलं धागा बँकेबद्दल आहे, आलो होतो शिव्या घालायला. आता बसून वाचतो.

अबोली_फोंडा
@डिचोलीकर, प्रश्न एकदम बरोबर आहे. सळी क्वांटमच, लोखंडाचं चुंबकत्व तर क्वांटमशिवाय समजावताच येत नाही. पण बऱ्याच पदार्थांत एक सोय असते. एका इलेक्ट्रॉनचा हिशोब करताना बाकीच्या सगळ्यांची मिळून एक सरासरी गर्दी धरायची, की उत्तर चालण्याइतकं बरोबर येतं. जत्रेत आपण फिरतो ना, गर्दीतून वाट काढत, पण प्रत्येकजण आपापला. आता तीच माणसं रथ ओढायला लागली की एकेकट्याचा हिशोब करून रथ कुठे जाईल ते सांगता येत नाही. ज्या पदार्थांत इलेक्ट्रॉन असे एकमेकांचं बघून वागतात, किंवा त्यांच्या लहरींची ठेवणच अशी असते की पदार्थ आतून वीज अडवतो आणि पृष्ठभागावर वाहू देतो, त्यांना ढोबळपणे क्वांटम मटेरिअल म्हणतात. वीज अजिबात न अडवणारे सुपरकंडक्टर आले, हे आतून अडवणारे टोपोलॉजिकल इन्सुलेटर आले, आणखी बरेच.

आणि सगळं तंतोतंत का सोडवत नाही? ४० स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनची इवलीशी चुंबकं, घ्या, प्रत्येकाचे फक्त दोन पर्याय, वर किंवा खाली. एकूण शक्यता १.१ लाख कोटी. ती एक अवस्था नुसती मेमरीत ठेवायला १७ टेराबाइटच्या वर जागा लागते. एक स्पिन वाढवला की दुप्पट. आणि चिमटीभर पदार्थात अणू किती असतात ते तुम्हीच सांगा.

म्हणून १९६४ आणि ६५ साली वॉल्टर कोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी वाट काढली ती आम्ही अजून तुडवतोय. सगळ्या इलेक्ट्रॉनांची मिळून लहर शोधण्याऐवजी नुसती घनता शोधायची, कुठे किती दाट. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, आम्ही डीएफटी म्हणतो. १९९८ चं नोबेल त्यावर, तेही रसायनशास्त्राचं.

डिचोलीकर
रथाचं डोक्यात बसलं. आभारी.

स्फटिक
मी प्रयोगवाला. मूळ वास्कोचा, सध्या बंगळुरात क्रिस्टल वाढवतो. वाईट वाटून घेऊ नका, पण स्पष्टच लिहितो. कॉम्प्युटरवाल्यांचा आमचा अनुभव असा की आम्ही मोजमाप दिलं की ते जुळवून देतात. हबर्ड यू नावाचा एक आकडा असतो त्यांच्याकडे, इलेक्ट्रॉन एकमेकांना किती ढकलतात त्याचा. दोन घेतला तर धातू, पाच घेतला तर इन्सुलेटर, मग आमच्या डेटाला जो बसतो तो छापायचा. सिलिकॉनसारख्या साध्या पदार्थाचा गॅप, म्हणजे अडकलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तुमची नेहमीची डीएफटी ०.६ च्या आसपास सांगते. निकेल ऑक्साइडची तर बातच नको.

आणि २०२३ च्या जुलैतलं एलके-९९ आठवा. कोरियाहून पेपर आला, खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर म्हणून, आणि आठवड्याभरात इंटरनेटवर फ्लॅट बँडची, म्हणजे इलेक्ट्रॉन त्यात अडकून बसतात अशी, गणितं. इकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसकट जगभर लोकांनी पदार्थ बनवून पाहिला आणि सुपरकंडक्टिव्हिटी कुठेच नाही. रोध एकदम पडत होता तो त्यातल्या कॉपर सल्फाइडमुळे. आमचे लोक भट्टीसमोर बसले म्हणून ते कळलं.

पर्वरी_आयटी
@स्फटिक एक बाजूचं सांगताय. लॅन्थॅनमचं हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनबरोबरचं संयुग, घ्या. प्रचंड दाबाखाली ते खोलीच्या तापमानाच्या जवळपास सुपरकंडक्टर होईल अशी गणितं २०१७ मध्ये छापली गेली, २५० केल्विनच्या (उणे २३ अंश सेल्सिअस) आसपासचं मोजमाप त्यानंतर आलं. ग्राफीनचे, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनचे, दोन थर एकमेकांवर १.१ अंशाने फिरवले की काहीतरी विशेष होतं हे २०११ मध्ये कागदावर होतं, प्रयोग २०१८ चा. त्या १.१ अंशाच्या नक्षीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका घरात अकरा हजारांवर अणू येतात, तरी लोकांनी वाट काढलीच ना.

मी स्वतः दोन पोस्टडॉक करून बाहेर पडलो. आता पर्वरीत एका कंपनीत डेटाचं काम करतो. सोडलं ते विषय नावडला म्हणून नव्हे, तर मुलगी झाली आणि दर दोन वर्षांनी शहर बदलणं बायकोला आणि मला दोघांनाही पेलेना. तिथे शिकलेलं रोज वापरतो. हजार गणितांतलं एक चुकलंय ते शोधून काढायचं, आलेल्या उत्तरावर आधी विश्वास ठेवायचा नाही, ही सवय माझ्या टीममध्ये दुसऱ्या कुणाला नाही. पण खरं सांगतो, अजून सकाळी प्रीप्रिंटची, छापून यायच्या आधीच्या पेपरांची, यादी उघडतो आणि चहा गार होतो.

बँकेचं: संस्थेच्या लेटरहेडवर नियुक्ती, मुदत आणि मासिक रक्कम असं तिन्ही लिहिलेलं पत्र घे आणि शाखाधिकाऱ्यालाच भेट. माझं दुचाकीचं कर्ज तसंच झालं होतं.

मांडवीकाठ
माझा मुलगा याच वाटेवर आहे, तिसरं पोस्टडॉक. शेजारी विचारतात शिक्षण अजून संपलं नाही का. मी आता सांगते की त्याचं शिक्षण संपलं २०१७ ला, तो संशोधक आहे, आणि विषय बदलते. अबोली, बाबा बोलले नाहीत म्हणजे रागावले असं धरू नकोस. आम्हाला काय बोलावं ते कळत नाही ग. मदत करायची असते आणि कशात करायची तेच समजत नाही.

अबोली_फोंडा
@मांडवीकाठ काकी, तुमचं वाचून डोळे भरले. थँक्यू.

@स्फटिक, वाईट अजिबात वाटलं नाही, कारण माझ्याच बाबतीत घडलंय ते सांगते.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी नायोबियम डायसेलेनाइडवर काम करत होते. हा पदार्थ ३३ केल्विनच्या खाली आपली मांडणी किंचित बदलतो, चार्ज डेन्सिटी वेव्ह म्हणतात, आणि ७ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होतो. गणितात ही मांडणी मोडणार असेल तर अणूंच्या कंपनाची वारंवारता ऋण दिसते. म्हणजे स्प्रिंग ढकलली तर परत येण्याऐवजी आणखी पुढे जाते, रचना जागेवर थांबायला तयार नाही. माझ्या आलेखात सगळ्या रेषा शून्याच्या वर. स्वच्छ, सुंदर, गुळगुळीत. तीन आठवड्यांची मशीन वेळ घातलेली. मी आमच्या प्रयोगवाल्या सहकाऱ्याला कळवून टाकलं की रचना स्थिर आहे.

तासाभरात फोन. तो म्हणाला, माझ्यासमोर नमुना आहे आणि तो ३३ केल्विनला बदलतोय, तुझं गणित काहीही म्हणो. दोन दिवस मी इनपुट फाइल ओळीओळीने वाचली. धातूच्या गणितात इलेक्ट्रॉनची धार जराशी बोथट करावी लागते, त्याला स्मिअरिंग म्हणतात. मी ती किंमत जुन्या फाइलमधून उचलली होती, ०.०५. ती फाइल वास्प या प्रोग्रामची, तिथे ती इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये असते. मी चालवत होते क्वांटम एस्प्रेसो हा दुसरा प्रोग्राम, तिथे तोच आकडा रिडबर्गमध्ये. एक रिडबर्ग म्हणजे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. फर्मी-डिराक स्मिअरिंग होतं, त्यात हा आकडा इलेक्ट्रॉनांचं तापमानच ठरवतो, म्हणजे मी इलेक्ट्रॉनांना सरळ ७,९०० केल्विनच्या आसपास तापवून ठेवलं होतं, मग कसली येतेय त्यात नाजूक मांडणी. आकडा बदलला, आणि अगदी ज्या जागी यायला हवी तिथे रेष शून्याच्या खाली उतरली. रात्री अडीच वाजता मी हॉस्टेलच्या गॅलरीत एकटीच उभी राहून हसत होते.

तेव्हापासून माझा नियम आहे. ऋण वारंवारता आली की आधी गणिताची बारकाई ठरवणारे आकडे बघायचे: कटऑफ वाढवायचा, के-पॉइंटची जाळी दाट करायची, स्मिअरिंग कमी करून बघायचं. गॅमाजवळची, म्हणजे आलेखात सर्वांत लांब लहरी असतात त्या बिंदूजवळची, बारीकशी ऋण शेपटी बहुतेक वेळा कच्च्या गणिताची असते, जाळी दाट केली की निघून जाते. जी जात नाही, उलट आणखी ठळक होते, ती पदार्थ बोलतोय. त्या हबर्ड यूचंही तसंच, एक आकडा निवडून छापणं मला पटत नाही, आम्ही शून्यापासून पुढे सगळा पट्टा चालवतो आणि उत्तर कुठे पालटतं ते पेपरात देतो. हे तपासणीचं काम महिनोन् महिने चालतं आणि त्याची ओळ पेपरात एकच असते. पण माझ्या मते नोकरी म्हणजे हीच.

स्फटिक
हे वाचून बरं वाटलं. ०.०५ ची गोष्ट आमच्या ग्रुपमधल्या मुलांना सांगणार, चालेल ना? आणि माझंही एक सांगतो म्हणजे फिटंफाट. एकदा नमुन्यात अँटिमनी कमी पडलं होतं, ते न तपासता आम्ही दुसऱ्या एका कॉम्प्युटरवालीला दोन महिने आदर्श रचनेची गणितं करायला लावली. तिने शेवटी विचारलं, तुमच्या नमुन्यात नक्की किती अणू कुठे आहेत ते मोजलंत का? मोजलं नव्हतं.

शब्दवेडा
धागा आवडला. विषयांतराबद्दल माफी, पण मराठीत क्वांटमला पुंज, क्वांटम मेकॅनिक्सला पुंज यामिकी हे शब्द आहेत. सुपरकंडक्टरला अतिसंवाहक. ते वापरायला काय हरकत आहे?

पर्वरी_आयटी
हरकत काही नाही, पण मी आईला पुंज म्हटलं तर ती भाताचा ढीग समजेल.

शब्दवेडा
मग समजू दे की! ढीगच आहे तो. ऊर्जेचा छोटा ढीग, अर्धा करता येत नाही असा. तुमच्या आईला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

अबोली_फोंडा
हे मस्त आहे, चोरणार.

रापणकार
एक साधी शंका. पावसात आमच्याकडे वीज दिवसातून चारदा जाते. अशात तुम्ही आठ आठ दिवसांची गणितं करता कशी?

अबोली_फोंडा
गणित इथे चालतच नाही. मशीन दुसऱ्या शहरात, मी फोंड्यातून लॉगिन करून जॉब, म्हणजे गणिताचं काम, रांगेत लावते आणि बाहेर पडते. वीज गेली तर माझा लॅपटॉप बंद पडतो, जॉब चालूच. आपल्याकडे १९९१ ला पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बांधला, आता राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून बऱ्याच संस्थांत परम आलेत, बंगळुरचा परम प्रवेग तर ३.३ पेटाफ्लॉपचा. त्यामुळे मशीनपुरतं बोलायचं तर गोव्यात बसल्याने माझं काही अडत नाही. त्रास असतो तो रांगेचा. मी वापरते तिथे ४८ तासांनी जॉब मारला जातो, मध्ये चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची नोंद, लिहिला नसेल तर सगळं पाण्यात. मागच्या चवथीला आम्ही मटोळी बांधत होतो, मी एका हाताने कवंडळं बांधतेय, दुसऱ्या हातात फोन, जॉबचे बेचाळीस तास झालेले. आई म्हणाली, ठेव तो फोन, गणपती बघेल. चेकपॉइंट लिहिला गेला होता, देवाची कृपा.

अडतं ते माणसांपाशी. पुण्यात कॉरिडॉरमध्ये कुणीतरी भेटायचं, विचारायचं, तुझ्या बँडला, इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या रेषेला, तिथे गाठ का आहे? आणि त्या एका प्रश्नाने महिना वाचायचा. इथे माझ्या विषयातलं माणूस आठवड्यात एकदा स्क्रीनवर भेटतं.

एल्बेकाठ
मडगावची, सध्या ड्रेस्डेनला तिसरं वर्ष, अगदी याच विषयात नाही पण जवळच्या. म्हणून मूळ प्रश्नावर येते, सगळे रथ आणि पुंजात रमलेत :)

तुझ्या विषयासाठी हे गाव म्हणजे खाण आहे. तुझ्या कामाच्या माक्स प्लांकच्या दोन संशोधन संस्था आहेत, एक घन पदार्थांच्या रसायन-भौतिकीची, एक गुंतागुंतीच्या प्रणालींची. शिवाय व्युर्त्सबुर्ग आणि ड्रेस्डेन मिळून क्वांटम मटेरिअल्सचं मोठं संशोधन क्लस्टर २०१९ पासून चालू आहे. तू म्हणतेस तो कॉरिडॉर इथे आहे. आणि इथे विद्यापीठात पोस्टडॉकला रीतसर नोकरीचा करार असतो, त्यात आजारपणाचा विमा आणि पेन्शनचा हप्ता कापला जातो, त्यामुळे व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू हा प्रश्न मला इथे पडला नाही. ते पहिलं पत्र हातात आलं तेव्हा मी आईला व्हिडिओवर दाखवलं होतं.

पण दुसरी बाजूही ऐक. पीएचडीनंतर विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारण सहा वर्षंच राहता येतं, मग कायमची जागा नाहीतर बाहेर. कायमच्या जागा अगदी थोड्या. आणि हिवाळा. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्या वेळी घरी आई शेगडीवर बांगडे भाजत असते, आणि मी फोनवर नुसता आवाज ऐकते.

डिचोलीकर
@एल्बेकाठ बांगड्याचं लिहून रात्रीच्या जेवणाची वाट लावलीत, घरी आज वरण-भात आहे.

खाजन
पैशाचं कुणी बोलत नाहीय. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या प्रकल्पांवरच्या रिसर्च असोसिएटला, म्हणजे पोस्टडॉकलाच, पहिल्या पायरीला महिना ५८,००० अधिक घरभाडं, त्याआधी ४७,००० होते. आकडा वाईट नाही, गोव्यात राहून भागतं. पण वेळेवर आले तर! ताईचे चार महिने अडकले तसे माझे सहा महिने अडकले होते, संस्था बोलायची वरून आले नाहीत, वरचे बोलायचे कागद आले नाहीत. एप्रिल २०२३ ला राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी मंजूर झाले, पदार्थ आणि उपकरणांचं केंद्र आयआयटी दिल्लीत आहे, चांगलंच आहे, मला आनंदच आहे. पण ज्याच्या हाताने हे काम होणार तो पोस्टडॉक महिन्याच्या एक तारखेला भाडं देऊ शकला पाहिजे, यावरसुद्धा कुणीतरी बोलायला पाहिजे.

पर्वरी_आयटी
+१००. आणि अबोली, राष्ट्रीय फेलोशिपला वयाची अट ३५ आहे पण बायकांना पाच वर्षं सवलत आहे. म्हणजे ड्रेस्डेनहून आल्यावरही तुला अर्ज करता येईल. दोन्ही रस्ते एकमेकांना कापत नाहीत.

अबोली_फोंडा
अरे, हे माझ्या लक्षातच नव्हतं! थँक्यू.

केरीचे_मास्तर
सर्वांना नमस्कार. मी सत्तरीत तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो. अबोलीबाई, आपण सध्या नक्की कोणत्या पदार्थावर काम करता ते अजून लिहिले नाही. माझ्यासारख्याला समजेल असे सांगाल का? आमच्या गोव्यातच, कोसबें गावी, दामोदर कोसंबींसारखा गणिती १९०७ साली जन्माला आला, तेव्हा इथल्या मुलांना हे कळणार नाही असे मी मानत नाही.

अबोली_फोंडा
मास्तर, नमस्कार. सीझियम, व्हॅनेडियम आणि अँटिमनी यांचा एक धातू आहे. हे कुटुंब २०१९ मध्ये समोर आलं, आणि २०२० मध्ये कळलं की हा २.५ केल्विनला सुपरकंडक्टर होतो. थंड करत नेताना त्याआधीच, ९४ केल्विनला, त्याची मांडणी बदलते. यातले व्हॅनेडियमचे अणू कागोमे जाळीत बसलेत. हा जपानी शब्द, बांबूच्या टोपलीच्या विणीचं नाव. त्रिकोण एकमेकांना कोपऱ्याने चिकटलेले, मध्ये षटकोनी भोकं. त्रिकोणात गंमत अशी की तिघांना सांगितलं, शेजाऱ्याच्या उलट तोंड करा, तर दोघं करतात आणि तिसरा कुणाच्या उलट करणार? अशा जाळीत इलेक्ट्रॉनसुद्धा काही लहरींत अडकून बसतात, पुढे सरकतच नाहीत, आणि मग एकमेकांचं ऐकायला लागतात.

केरीचे_मास्तर
अहो, हे तर कोंबड्यांवर घालायचे डालगे! आमच्याकडे त्याची भोके षटकोनीच विणतात. लहानपणापासून पाहतो आहे.

अबोली_फोंडा
मास्तर!!! तुमचं वाचून मी आत्ता उठून माळ्यावर गेले. आजीच्या वेळचं डालगं अजून आहे. बाबांनी खाली उतरवून दिलं, फडक्याने पुसलं, आणि विचारलं कशाला हवंय. मी दाखवलं, जिथे दोन कामट्या एकमेकींवरून जातात तिथे एकेक व्हॅनेडियम धरा. बाबांनी बोट लावून मोजलं, प्रत्येक षटकोनाला सहा त्रिकोण, प्रत्येक फुलीला चार शेजारी. मग म्हणाले, आणि तू हे किती कामट्यांचं करतेस? अर्धा तास बोलत होतो आम्ही. बँकेनंतर पहिल्यांदा.

मांडवीकाठ
❤️

स्फटिक
आमच्याकडे हाच धातू वाढवतायत. खरंच काही मोजून हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, या वेळी रचना आधी तपासून देईन.

अबोली_फोंडा
केलाय व्यनि.

आणि मंडळी, दहा दिवस विचार करून ठरवलंय. ड्रेस्डेनला हो कळवलं, रुजू व्हायला मे मागितला होता, मिळाला. एप्रिलमध्ये छप्पर होईल. नियुक्ती, मुदत आणि रक्कम लिहिलेलं पत्र संस्थेने दिलं, शाखाधिकाऱ्यांनी कर्ज माझ्या नावावर करून दिलं, बाबांचा अर्ज मागे घेतला. रकान्यात मी संशोधक लिहिलं, तिथल्या बाईंनी पुढे कंसात नोकरी असं स्वतःच लिहिलं. राष्ट्रीय फेलोशिपचं दोन वर्षांनी बघू, परत यायचंय हे पक्कं आहे. @एल्बेकाठ, हिवाळ्यासाठी काय काय आणू ते सांग, आणि तुझ्यासाठी काय आणू तेही.

एल्बेकाठ
सुके बांगडे. नीट बांधून. बाकी सगळं मिळतं.

केरीचे_मास्तर
जाण्यापूर्वी एक दिवस आमच्या शाळेत याल का? नववी-दहावीची चाळीस मुले असतील. प्रोजेक्टर आहे, पण तो मधूनच बंद पडतो.

अबोली_फोंडा
येते मास्तर, नक्की. प्रोजेक्टर राहू दे. मुलांच्या चार गटांना एकेक डालगं पुरेल, आमच्या घरात एकच आहे.

डिचोलीकर
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जातोच आहे. तीन घेऊन येतो, केरीला मीच पोचवतो.